घरचा कागद

१४ जून २०१६

धाकटे,

फोनवर सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस, म्हणून लिहितो. आधी शेवट सांगून टाकतो: मावशी बरी आहे. आता सुरुवातीपासून ऐक.

शुक्रवारी आपल्या लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचा डोंगर पडला होता. इस्त्रीच्या रोलरवरची मुलगी आली नव्हती, म्हणून मावशी आपलं घड्या घालायचं टेबल सोडून स्वतः रोलरवर उभी राहिली. चादरीची कड आत सरकवताना तिचा उजवा हात आत ओढला गेला. रोलरच्या तोंडाशी एक दांडी असते. तिला हात लागला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण ती मेली दर दहा मिनिटांनी उगाचच मशीन बंद पाडायची, म्हणून महिन्यापूर्वी मीच ती चिंधीनं वर बांधून ठेवली होती. तुला म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणाजवळ बोललेलो नाही.

मधलं बोट आणि अनामिका चिरडली, भाजली. डॉक्टर म्हणतात बोटं वाचतील, पण पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही. दवाखान्याचं सगळं मी बघितलं. आत नेताना मावशीनं विचारलं, "डॉक्टरांना काय सांगू?" मी म्हटलं, "घरी गरम पातेलं हातावर पडलं म्हणून सांग." ती "बरं" म्हणाली. पुढे एक शब्द विचारला नाही. अपघाताच्या नोंदवहीत लिहिलं असतं तर तपासणीवाले आले असते आणि महिनाभर रोलर बंद. घरातलं घरात राहिलेलं बरं.

सोबत बँकेचे कागद आहेत. पेन्सिलीनं खुणा केल्यात तिथं सह्या कर. वाचत बसू नकोस, तुझ्या मुलांच्या उत्तरपत्रिका नव्हेत त्या.

दादा


२२ जून २०१६

प्रिय दादा,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि तुला वाटलं होतं तेच केलं. रडले. मग तासावर गेले आणि फळ्यावर लिहायला लागले तर पुन्हा तेच. आई गेल्यावर आपण शाळेतून सरळ लाँड्रीत यायचो. मावशी आपल्याला घडीच्या टेबलाच्या टोकाला बसवायची आणि आळीपाळीनं हात धरून अक्षर गिरवून घ्यायची, आठवतं? इथे सगळे माझ्या अक्षराचं कौतुक करतात. ते तिचं अक्षर आहे रे.

तिला पूर्ण बरं वाटेपर्यंत कामावर येऊ देऊ नकोस. आणि तू स्वतःला खात बसू नकोस. दांडी तू बांधलीस ती काम वेळेत व्हावं म्हणून. नोंद केली नाहीस ते बरंच केलंस. नोंदवहीत लिहून काय बोटं परत येणार आहेत? आपण आहोत ना तिला, जन्मभर.

कागद सही करून पाठवते. वाचायचा प्रश्नच नाही. घरचा कागद वाचून सही करतो तो घरचा नव्हे, हे बाबांचं वाक्य मी अजून विसरलेले नाही. एवीतेवी बाबांनी मला भागीदार केलं ते सहीपुरतंच!

तुझी
धाकटी


३ एप्रिल २०१८

धाकटे,

आपल्याकडे एक सल्लागारबाई आल्या आहेत. म्हणजे आल्या नाहीतच. त्या दुसऱ्या शहरात असतात, आपल्यासारख्या सहा जणांच्या कामगारांचे कागद सांभाळतात, दर मंगळवारी फोनवर बोलतात आणि महिन्यातून एकदा येऊन जातात. महिन्याचे दहा तास ठरलेत. अकराव्या तासाला मीटर पळायला लागतं.

कारण असं की मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळतंय. चारशे खाटा! पण त्यांना प्रत्येक माणसाचं नेमणूकपत्र हवं, रजेचा हिशेब हवा, अपघातांची नोंद हवी. आपल्याकडे बाबांच्या काळापासून नेमणूकपत्र म्हणजे "सोमवारपासून ये." तेवीस माणसं आणि कागद एक नाही.

बाई पहिल्याच भेटीत पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही जे सांगाल त्यावर माझा सल्ला उभा राहणार. अर्धं सांगितलंत तर सल्लाही अर्धाच मिळेल. आणि निर्णय दर वेळी तुमचाच असेल, माझा नाही." पैसे आपण द्यायचे आणि वर छडी खायची! मग त्यांनी सोळा पानांचं प्रश्नपत्र काढलं. भरताना माझ्या नाकी नऊ आले. दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतात. खुणा केल्यात.

मावशी ठीक आहे. तुझी आठवण काढते.

दादा


११ एप्रिल २०१८

प्रिय दादा,

तुला कुणीतरी छडी दाखवणारं भेटलं याचा मला इतका आनंद झालाय की वहिनीला फोन करून अभिनंदन केलं. चेष्टा सोडून सांगते, बाई शहाण्या दिसतात. डॉक्टर, वकील आणि आता या बाई, तिघांपासून काही लपवू नकोस. तास वाचवायला जाऊ नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे, गाळणी तुटली तर नवी आणायच्या ऐवजी फडकं बांधणारा माणूस तू.

सह्या केल्यात. पहिलं पान वाचायला घेतलं होतं, मग माझी मलाच लाज वाटली.

मावशीचा हात आता कसा आहे? "ठीक" म्हणजे किती ठीक?

धाकटी


२० ऑगस्ट २०१८

धाकटे,

उशीर झाला. हॉस्पिटलनं जीव काढलाय. पहाटे चारला गाडी, दुपारी बाराला गाडी, आणि दर महिन्याला त्यांचा माणूस येऊन प्रत्येक टेबलाचा तासाचा आकडा बघतो. बाकीच्या टेबलांवर तासाला नव्वद चादरी घडी होतात. मावशीच्या टेबलावर चाळीस. तो माणूस बोट ठेवून म्हणाला, "हे टेबल का ठेवलंय?" काय सांगू?

मंगळवारी बाईंना विचारलं. त्या महिन्याचे आठ तास आधीच संपले होते, म्हणून पाच मिनिटांत आटपलं. जुनी कामगार आहे, काम संथ झालंय, काय करू? त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, वय. त्या म्हणाल्या, आधी तिला समोर बसवा, काही अडचण आहे का ते विचारा, ती काय म्हणते ते लिहून ठेवा. मग मुदत द्या. एवढं सगळं करूनही जमलं नाही तरच लेखी ताकीद.

पहिली पायरी मी गाळली. मावशीला काय अडचण आहे हे मी तिला विचारायचं? मला माहीत नाही का? कुठल्या तोंडानं विचारू? सरळ मुदतीचं पत्र दिलं. तिनं घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं, उघडलंसुद्धा नाही.

तू यात पडू नकोस. सगळं नियमानं चाललंय.

दादा


२७ ऑगस्ट २०१८

दादा,

नियमानं म्हणजे काय? मावशी संथ का झाली हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि त्या रोलरला माहीत आहे. सल्लागारबाईंना माहीत आहे का? "वय" काय म्हणतोस? ती बावन्न वर्षांची आहे. आमचे मुख्याध्यापक सत्तावन्नचे आहेत आणि जिने धावत चढतात.

बाईंना बोटांचं सांगितलंस का, एवढंच लिही. हो किंवा नाही. बाकी काही नको.

धाकटी


९ ऑक्टोबर २०१८

धाकटे,

सप्टेंबरअखेर मावशीचं काम संपलं. तीन पत्रं दिली, मुदत दिली, सगळं कागदावर आहे. निर्णय बाईंच्या सल्ल्यानं झाला, माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. असल्या गोष्टी घरच्या माणसानं करायच्या नसतात, म्हणूनच बाहेरचं माणूस ठेवतात. हे तुला शाळेत बसून कळायचं नाही.

शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत तिनं घडी घातली. टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, एप्रन धुवायच्या गाठोड्यात टाकलं. मी ऑफिसच्या काचेमागून बघत होतो. बाहेर गेलो नाही. ती आत आली नाही.

हॉस्पिटलचं काम पक्कं झालं, तीन वर्षांसाठी. बावीस घरांची चूल त्यावर आहे, तुझ्या हिश्शाचीही.

दादा


१५ ऑक्टोबर २०१८

सल्लागारबाई यांस,

आपली ओळख नाही. मी लाँड्रीची दुसरी भागीदार, मालकांची बहीण. सव्वीस वर्षं घडीच्या टेबलावर उभ्या राहिलेल्या एका बाईला आपण दुसऱ्या शहरात बसून, फोनवर, पाच मिनिटांत काढून टाकलंत. तिचा हात आपण कधी पाहिला आहे का? आपल्याला महिन्याचे दहा तास मिळाले की झालं. माणूस गेलं काय, राहिलं काय, आपल्याला त्याचं सोयरसुतक नसावं. भाड्यानं आणलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार?

याचं उत्तर आपण द्याल असं वाटत नाही. तरी लिहिल्यावाचून राहवलं नाही.


२४ ऑक्टोबर २०१८

भागीदारबाई यांस नमस्कार.

उत्तर देत आहे, कारण भागीदार म्हणून ते मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आपल्या पत्रातील 'हात' या शब्दापाशी मी थांबले. त्या बाईंच्या हाताविषयी मला कोणीही, कधीही काही सांगितलेले नाही. सोबत आमच्या प्रश्नपत्राच्या अकराव्या पानाची प्रत जोडली आहे. प्रश्न बेचाळीस असा आहे: कामाच्या जागी दुखापत झालेली, किंवा दुखापतीमुळे काम मंदावलेली व्यक्ती सध्या नोकरीत आहे का? उत्तर लिहिले आहे: नाही. खाली दोन सह्या आहेत. दुसरी आपली आहे.

आपण मला भाड्याची म्हणालात. आहेच मी. म्हणून तर मला ठेवणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगते की मी तुमच्या भिंतीआड राहत नाही, तुम्ही दाखवाल तेवढेच मला दिसते. मालकांनी मला पाच-पाच मिनिटे दिली आणि गोष्टी गाळून गाळून सांगितल्या. तास वाचले. ऑगस्टमध्ये मी विचारले, त्या बाईंशी बसून बोललात का? ते म्हणाले, बोललो. नोंद मागितली तेव्हा नोंद आली. त्यावर लिहिले होते, "कोणतीही अडचण नाही असे सांगितले." ती नोंद कोणाच्या बोलण्याची होती हे आता मला कळत नाही.

खरे कळले असते तर सांगणे सोपे होते. त्यांना घडीच्या टेबलावरून काढून गाठोड्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम द्यायचे. जुनी नोंद उशिरा का होईना, करायची. मालकांवर ठपका आला असता, पण झेपण्याइतका. हॉस्पिटलचे कामही गेले नसते, त्यांना जखमी माणसे नको असतात असे नाही, लपवलेली नको असतात.

एक चूक माझीही आहे, ती आपल्यापासून लपवत नाही. जुलैच्या भेटीत मी त्या टेबलापाशी उभी होते. बाई डाव्या हाताने चादर ओढत होत्या. मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, डावखुऱ्या आहेत. मी त्यांनाच विचारायला हवे होते. मालकांना विचारले.

आमचा करार मालकांनी गेल्या आठवड्यात संपवला आहे. मी लाँड्रीची सल्लागार होते, त्यामुळे त्या बाईंची बाजू मला घेता येणार नाही. त्यांना कामगार कार्यालयात जाता येईल. तिथे एकच गोष्ट विचारतील: अपघात झाला होता याचा काही लेखी पुरावा आहे का?


२ नोव्हेंबर २०१८

दादा,

तू हो-नाही लिहिलं नाहीस. अकरावं पान माझ्यापर्यंत पोचलं, तेव्हा उत्तर मिळालं.

सही माझी आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकेतला अर्धा गुण मी सोडत नाही, आणि सोळा पानांतला एक प्रश्न वाचला नाही. त्याची शरम मला जन्मभर पुरेल. पण 'नाही' हे अक्षर तुझं आहे. निर्णय बाईंचा म्हणून तू मला सांगितलंस, माझ्या सहीमागे तू लपलास, आणि मी तुझ्याऐवजी त्या बाईंना शिव्या घातल्या.

लेखी पुरावा माझ्याकडे आहे. तुझंच पत्र, १४ जूनचं. रोलर, दांडी, चिंधी, पातेलं, सगळं त्यात आहे आणि खाली 'दादा' आहे. आज ते रजिस्टर्ड पोस्टानं मावशीला पाठवलं. सोबत कार्यालयाचा पत्ता दिलाय.

माझ्या हिश्शाचं मला काही नको. मावशीला न्याय मिळू दे, मग तू मला बहीण म्हण किंवा नको म्हणूस.


८ नोव्हेंबर २०१८

धाकटे,

ते पत्र मी भाऊ म्हणून बहिणीला लिहिलं होतं. घाबरलेला होतो. जगात दुसरं कुणी नव्हतं सांगायला. ते तू पोस्टात टाकलंस.

तू स्वतःला काय समजतेस ते मला माहीत नाही, पण २२ जूनचं तुझं उत्तर माझ्याकडेही आहे. "नोंद केली नाहीस ते बरंच केलंस. नोंदवहीत लिहून काय बोटं परत येणार आहेत?" हे कुणी लिहिलं? न्याय पाठवताना तेही पाकिटात घालायचं होतंस.

मी वाईट असेन. पण रोज सकाळी ते रिकामं टेबल मी बघतो, तू नाही.

दादा


२६ नोव्हेंबर २०१८

पोरी,

अक्षर डाव्या हाताचं आहे. हसू नकोस, रोज सरावानं सुधारतंय.

तुझं पाकीट मिळालं. दादाचं पत्र वाचलं. दांडी बांधलेली होती हे मला तेव्हाही माहीत होतं. चिंधी मीच दिली होती त्याला, जुन्या उशीच्या अभ्र्याची. मला वाटलं होतं, निदान तो स्वतःशी तरी कबूल करत असेल. करत होता तर.

सोमवारी कार्यालयात गेले. साहेब वयानं लहान, पण वागायला चांगला होता. त्यानं पत्र दोनदा वाचलं, म्हणाला, मावशी, हे भक्कम आहे. मग लाँड्रीला फोन लावून कागद मागवले. दादानं ते दुपारीच स्वतः आणून दिले, माझ्याकडे न बघता. त्यात एक कागद माझ्या सहीचा निघाला. साहेबानं मोठ्यानं वाचला. मला कामावर असताना कधीही दुखापत झाली नाही, माझी हरकत नाही, तक्रार नाही, मी राजीखुशीनं जाते आहे. खाली माझी सही. ती मी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी केली होती. दादा घरी आला होता, पाणी प्याला, माझ्या सुनेची चौकशी केली आणि म्हणाला, "मावशी, नेहमीचाच कागद आहे." पेन्सिलीनं खूण केली होती.

साहेब म्हणाला, "बाई, सही करण्याआधी वाचलं नव्हतं?" मी म्हटलं, "घरचा कागद होता." त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाला, एका बाजूला हे पत्र, दुसऱ्या बाजूला तुमचीच सही, निकाल लागायला वर्षं जातील आणि लागेल की नाही सांगता येत नाही. चालवायचं का? मी म्हटलं, नको. तुमच्याविरुद्ध उभं राहायला मला वर्षं नकोत. एक दिवसच फार झाला.

बाहेर आले तर दादा जिन्याशी उभा. रडला असावा. त्यानं खिशातून तुझं पत्र काढलं, तू त्याला दिलेलं उत्तर, आणि म्हणाला, मावशी, मी एकटा नव्हतो. मी म्हटलं, थांब, वाचून होईस्तोवर थांब. बाकावर बसून दोन्ही पत्रं मांडीवर घेतली आणि सावकाश वाचली. आता मला तासाचा आकडा नाही. आपण आहोत ना तिला, जन्मभर, असं तू लिहिलं होतंस. तेही वाचलं.

तुम्हा दोघांचं अक्षर अजून अगदी सारखं आहे. 'ळ'ची गाठसुद्धा. मीच गिरवून घेतलेलं ते.

दोन्ही पत्रं सोबत परत पाठवते आहे. तुमची घरातली आहेत, घरात ठेवा.

मावशी